पोप, पाव आणि आमची पालखी

मी स्वभावाने जळकुटा आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. नाहीतर इस्तंबूलचं वर्णन वाचताना मध्येच माझा चुलतभाऊ का येतो, आणि तो आला की माझ्या लेखणीला ठसका का लागतो, हे वाचकाला कळायचं नाही.

महाडच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्यात माझं सगळ्यात रंगायचं ते प्रकरण मध्ययुगातल्या ख्रिस्ती जगाच्या फाळणीचं. पुस्तकात ते चार ओळींत आटपलेलं. मी त्याला दोन तास घ्यायचो. धर्म एक, देव एक, पण पश्चिमेला रोमचा पोप आणि पूर्वेला कॉन्स्टॅन्टिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा, मुख्य धर्मगुरू. इकडे लॅटिन, तिकडे ग्रीक. इकडचे पुरोहित गुळगुळीत दाढी केलेले, तिकडचे छातीपर्यंत दाढी राखलेले. प्रार्थनेत इकडे एक शब्द जास्त. आणि कडाक्याचं भांडण प्रसादाच्या पावावरून. पूर्वेकडचे म्हणत पाव आंबवलेलाच हवा, पश्चिमेकडचे म्हणत बिनआंबवलेलाच हवा. शेवटी १०५४ साली रोमहून आलेल्या एका कार्डिनलने पूर्वेच्या मुख्य चर्चमध्ये, ऐन पूजेच्या वेळी, वेदीवर एक कागद ठेवला आणि तो चालता झाला. कागदात लिहिलं होतं, तुम्ही धर्माबाहेर. मग पूर्वेकडच्यांनीही उलट तसंच जाहीर केलं.

"म्हणजे सर, त्यांनी एकमेकांना वाळीत टाकलं," मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा. आमच्याकडच्या पोरांना सगळा युरोप समजावून सांगावा लागतो, पण वाळीत टाकणं सांगावं लागत नाही. आता त्याविरुद्ध कायदा झाला आहे, म्हणून गावकीत कुणी तो शब्द उच्चारत नाही, एवढंच.

निघण्याआधी

आमचं मूळ गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. वरची वाडी आणि खालची वाडी, मधून एक पऱ्या, म्हणजे ओढा. शिमग्याच्या सुमारास त्याला जेमतेम घोटाभर पाणी असतं. पण गेली चौदा वर्षं शिमग्याला देवीची पालखी तो पऱ्या ओलांडून खाली आली नव्हती.

भांडण नैवेद्याचं. आमच्या देवीला पूर्वापार नाचणीची भाकर आणि गूळ. मी महाडला राहून शहाणा झालेला. अख्खा महाराष्ट्र होळीला पुरणपोळी करतो, मग आपलीच देवी का उपाशी, असं म्हणून मी एका वर्षी बायकोच्या हातच्या पोळ्या घेऊन देवळात गेलो. वरच्या वाडीने त्या देवीपुढे ठेवू दिल्या नाहीत. गहू आपल्या रानात पिकत नाय, म्हणाले. शब्दाने शब्द वाढला. पोळ्यांचं ताट तिथेच राहिलं आणि त्यांनी ते कुत्र्यांना घातलं, असं मला दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं. पुढे खालच्या वाडीने महाडहून नवी पालखी आणि पितळी मुखवटा करून आणला. ती पालखी वाजतगाजत नाचवली. माझ्या आईने त्या मुखवट्याकडे एकदा बघितलं आणि "ही बाजारातली" म्हणून दार लोटून घेतलं.

आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. धाकट्या भावाकडे खालच्या वाडीतच राहते. तिचं एकच मागणं, "जुन्या देवीची वटी भरायची हाय. पालखी दारात आल्याबिगर मी जायची नाय." दर शिमग्याला ती ओटीचं सामान सुपात काढून ठेवायची आणि पंचमीला परत डब्यात भरायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी अलीकडे शिमग्याला वाडीवर जायचंच सोडलं होतं.

निवृत्तीनंतर मी इस्तंबूल आणि व्हेनिसची सहल ठरवली. बायको म्हणाली, "माझे गुडघे आणि तुमचा पोप, दोन्ही मला एकदम झेपायचे नाहीत." म्हणून एकट्याचं नाव नोंदवलं. बाजारपेठेतल्या एजंटने सांगितलं, काळजी करू नका सर, खोलीत जोडीदार चांगला देतो. त्या भल्या माणसाने यादीत आमचंच आडनाव आणि आमचंच गाव असलेला आणखी एक माणूस शोधला आणि आम्हाला एका खोलीत टाकलं. घरच्यासारखं होईल म्हणून.

तो दत्ताराम. माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, वरच्या वाडीचा. देवीच्या पालखीचा पहिला खांदा त्याच्या घराचा मान. भायखळ्याच्या एका बेकरीत त्याने छत्तीस वर्षं पाव भाजले, आता गावी येऊन राहिलाय. त्याच्या मुलीने बापाला जग दाखवायचं ठरवलं आणि तिलाही नेमका तोच एजंट सापडला. विमानतळावर टोप्या वाटताना आम्ही समोरासमोर आलो. चौदा वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. त्याने टोपी घातली, मीही घातली.

इस्तंबूल, पहिले दोन दिवस

हॉटेलच्या खोलीत दोन पलंगांच्या मधोमध आम्ही आपापल्या बॅगा उभ्या केल्या. बोलणं सगळं सायलीमार्फत. सायली म्हणजे आमच्या सहलीची व्यवस्थापक, पुण्याची चुणचुणीत मुलगी. "सायली, त्यांना सांग, नळ नीट बंद करत जा." "सायली, त्यांना सांग, नळच गळका हाय." दुसऱ्या दिवशी तिने हात जोडले.

इस्तंबूल मला महाडसारखं वाटेल असं वाटलं नव्हतं, पण वाटलं. पाण्याकाठचं गाव, चढउतार, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या दुकानात काय चाललंय ते ठाऊक. मासळी तव्यावर भाजून पावात घालून देतात. वर लिंबू पिळतात, तिखटाचं नाव नाही. सकाळी न्याहारीला ऑलिव्ह आणि पांढरं खारट चीज. आमच्या ग्रुपमधले अर्धे लोक दुसऱ्या दिवशीच कोमेजले. तेव्हा दत्तूने पिशवीतून जवळ्याच्या चटणीची बरणी काढली. शाकाहारी पुणेकर लांब सरले, पण बाकीचे त्याच्या टेबलाभोवती जे जमले ते शेवटपर्यंत उठले नाहीत. मी माझ्याबरोबर बायकोने दिलेले मेतकुटाचे पुडे नेले होते. ते कुणी विचारले नाहीत.

आयासोफियात मात्र माझा दिवस होता. नऊशे वर्षं पूर्वेचं ते मुख्य चर्च, मग मशीद, मग संग्रहालय आणि आता पुन्हा मशीद. पर्यटकांना वरच्या सज्जातून बघू देतात. तो घुमट मी चित्रात शेकडो वेळा पाहिला होता. प्रत्यक्षात त्याच्याखाली मान वर केली आणि मला हुंदका आला, हे खरं सांगतो. सज्जातल्या जमिनीवर एक फरशी आहे, व्हेनिसच्या आंधळ्या, म्हाताऱ्या प्रमुखाच्या नावाची. फाटाफुटीनंतर दीडशे वर्षांनी, १२०४ साली, त्याने पश्चिमेची ख्रिस्ती फौज या ख्रिस्ती शहरावर घातली आणि तीन दिवस ते लुटलं. स्थानिक गाइड घाईत होता. मग मीच कठड्याशी उभा राहिलो आणि खाली बोट दाखवून सगळ्यांना वेदीची जागा, तो कार्डिनल, तो कागद, सगळं सांगितलं. पंचवीस माणसं गप्प ऐकत होती. एकतीस वर्षांत असा वर्ग मिळाला नव्हता. मी असंही सांगितलं की पाव हे निमित्त होतं. खरा प्रश्न होता पहिला मान कुणाचा, रोमचा की इथला.

आणि शेवटी म्हटलं, "गंमत अशी, की ज्या पोपच्या नावाने कागद ठेवला, तो पोप तीन महिन्यांपूर्वीच वारला होता. ही बातमीच इथे नीट पोचली नव्हती असं म्हणतात."

मागून दत्तूचा आवाज आला. सायलीला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "म्हंजे बोलवता धनी गेला नि कागद तसाच ऱ्हायला."

सगळे खळखळून हसले. एका काकूंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. माझी पाऊण तासाची तपश्चर्या आणि त्याचं एक वाक्य! मी कठडा घट्ट धरून उभा राहिलो, जळत.

आणि तिथे उभा असताना मला माझा कागद आठवला. वाचकहो, तोही सांगून टाकतो. पोळ्यांच्या भांडणानंतर आठ दिवसांनी मी फुलस्केपवर, माझ्या वळणदार अक्षरात, एक पत्र लिहिलं. वरच्या वाडीची पूजा अशास्त्रीय आहे, त्यांचा मान आम्हाला मान्य नाही, यापुढे खालच्या वाडीचा त्यांच्याशी संबंध नाही. आरती चालू असताना देवळात गेलो, पत्र देवीच्या पायाशी ठेवलं आणि उताराने खाली आलो. मागे वळून बघितलं नाही. त्या न बघण्याचा मला कितीतरी दिवस अभिमान होता. दर वर्षी वर्गात मी त्या कार्डिनलला उद्धट म्हणायचो, मुलांकडून म्हणवून घ्यायचो, आणि एकदाही मला स्वतःची आठवण झाली नव्हती.

आणि गव्हाचंही निमित्तच होतं. लहानपणी शिमग्याला दत्तूचा बाप पालखीला पहिला खांदा लावायचा आणि माझा बाप मागे उभा राहायचा, कारण तो धाकटा. ते मला तेव्हापासून सलत होतं.

१९६५ साली पोपने आणि इथल्या धर्मगुरूंनी ते दोन्ही कागद एकाच दिवशी मागे घेतले. नऊशे अकरा वर्षांनी. अजून एका वेदीवर दोघे प्रसाद घेत नाहीत, पंगत वेगळी ती वेगळीच. पण शाप तरी उठला. दोन धर्मगुरूंचा हेवा करणारा मी पोलादपूर तालुक्यातला पहिलाच असेन.

इस्तंबूल, रविवार

फेनेर हा जुना ग्रीक मोहल्ला. आता तिथे ग्रीक माणसं मोजकीच उरली आहेत. मी हट्ट केला म्हणून सायलीने आम्हा आठ-दहा जणांना तिथल्या एका छोट्या चर्चमध्ये नेलं. प्रार्थना लांबलचक, उभ्याने. धूप आपल्या देवळासारखा घमघमता. पुजारी पांढऱ्या दाढीचे. शेवटी त्यांनी टोपलीतून सगळ्यांना पावाचे तुकडे वाटले. मुख्य प्रसाद त्यांच्या धर्माच्या लोकांनाच. हा त्याच पावाचा उरलेला भाग, आशीर्वाद दिलेला. तो कुणीही घ्यावा, घरीही न्यावा. हेच मी सगळ्यांना समजावून सांगत होतो, तेव्हा दत्तूने आपला तुकडा नाकाशी नेला, अंगठ्याने दाबला आणि तो फुलून वर येतो का ते पाहिलं.

"बाजारचं खमीर नाय," तो स्वतःशीच म्हणाला. "जुनं आंबवण हाय. लई जुनं."

टोपलीजवळ एक ठेंगणी, काळे कपडे घातलेली म्हातारी होती. पाव तीच भाजत असावी. दत्तूने तिला तुकडा दाखवला, हाताने मळायची खूण केली, आणि बोटं वर करून भुवया उडवल्या, किती तास ठेवता? म्हातारीने सहा बोटं दाखवली. दत्तूने मान हलवून आठ दाखवली. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याला मनगटाला धरून मागच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली.

अर्धा तास ते आत होते. मला ग्रीक धर्माचा हजार वर्षांचा इतिहास पाठ आहे. मी अंगणात अंजिराच्या झाडाखाली उभा. आतून दोघांच्या हसण्याचे आवाज. आमच्या ग्रुपचे लोक खिडकीतून फोटो काढत होते. मीही एकदा डोकावलो. परातीत कोपरापर्यंत पिठात हात घातलेला दत्तू, आणि म्हातारी त्याला लाकडी ठसा दाखवतेय, पावावर उमटवायचा, क्रूस आणि अक्षरं असलेला. त्या अक्षरांचा अर्थ मला सांगता आला असता. कुणी विचारला नाही.

बाहेर येताना दत्तूच्या हातात ठशाचा एक छोटा अख्खा पाव होता. त्याने म्हातारीसमोर पाठ वाकवून, हात थरथरवून, कुणीतरी वृद्ध बाई घरी आहे असं दाखवलं होतं म्हणे, आणि तिने काढून दिला. सायलीने विचारलं, "तुमची आई का, काका?"

"माझी गेली," तो म्हणाला. "काकू हाय. खालच्या वाडीत." आणि रुमालात पाव गुंडाळून त्याने वर सुतळी बांधली.

त्याची काकू म्हणजे माझी आई. आईसाठी काहीतरी न्यावं, हे माझ्या डोक्यात चार दिवसांत एकदाही आलं नव्हतं. मी तिच्यासाठी काय घेतलं होतं? काही नाही. स्वतःसाठी मात्र घुमटाची तीन चित्रं.

व्हेनिस

व्हेनिसला रस्त्यांऐवजी पाणी आहे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. दरवर्षी त्यांच्याही घरात पाणी शिरतं, हे ऐकल्यावर मात्र मला ते शहर एकदम आपलं वाटलं. दुकानदार पाण्याच्या खुणा भिंतीवर दाखवतात, जशा आमच्या बाजारपेठेत दाखवतात. फरक एवढाच, की त्यांच्या पाण्याचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात आणि आमच्या सावित्री नदीच्या पुराला कुणी विचारत नाही. इथेही जळलोच.

तिथल्या मोठ्या चर्चवर चार तांब्याचे घोडे आहेत. अस्सल घोडे आत ठेवलेत, बाहेर नकला. ते १२०४ च्या लुटीत कॉन्स्टॅन्टिनोपलहून उचलून आणलेले. लुटलेली वस्तू इतक्या ऐटीत देवळाच्या कपाळावर मिरवता येते, हे बघून मी बराच वेळ खाली उभा होतो.

संध्याकाळी घोळका सोडून मी एका लहान चर्चमध्ये शिरलो. माझ्या मागून सायली आली, तिच्या मागून दत्तू. प्रार्थना चालू होती. लोक रांगेने पुढे जाऊन प्रसाद घेत होते. पश्चिमेचा, बिनआंबवलेला, पातळ पांढरी चकती. आता ऐका. कॅथलिकांचा हा प्रसाद बाहेरच्याने घ्यायचा नसतो, आणि जागीच खायचा असतो, बाहेर न्यायचा तर अजिबात नसतो. मी हे एकतीस वर्षं शिकवलंय. तरीही माझे पाय रांगेत गेले. डोळ्यांपुढे फक्त ती सुतळी बांधलेली पुरचुंडी होती. पूर्वेचा पाव तो नेणार, तर पश्चिमेचा मी नेणार. आईला सांगेन, हा बघ, खुद्द पोपच्या धर्मातला.

माझी पाळी आली. मी तीर्थाला करतो तशी ओंजळ केली. तरुण पाद्री काहीतरी म्हणाले, मी "थँक्यू" म्हटलं. चकती हातावर पडली. मी ती डोक्याला लावली, रुमालात ठेवली, रुमाल खिशात घातला आणि निघालो. दाराशी पोचायच्या आत एका उंच माणसाने माझी बाही धरली. तो इटालियनमध्ये बोलत होता, हळू पण घाबरलेला. मी म्हणालो, "प्रसाद... मदर... इंडिया." सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. सायली धावत आली. मग म्हातारे मुख्य पाद्री आले. सायलीने त्यांना सांगितलं, आमच्याकडे देवाचं काही मिळालं की न आलेल्या माणसासाठी घरी नेतात. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी रुमाल उलगडला. त्यांनी ती चकती अलगद उचलली आणि तिथेच स्वतः खाल्ली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवल्याने जास्तच लाज वाटली.

बाहेर कालव्याच्या पायरीवर दत्तू बसला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो सरळ माझ्याशी बोलला.

"विसू, बस."

मी बसलो.

"देवाच्या दारात हातातलं परत द्यावं लागलं की वाईट वाटतं," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय. वैनीच्या पोळ्यांचं ताट मी बगितलेलं."

"तुम्ही ते कुत्र्यांना घातलं," मी म्हणालो. चौदा वर्षं सांभाळून ठेवलेलं वाक्य.

"कोन बोललान तुला?" तो एकदम वळला. "अन्न कुत्र्याला घालीन मी? पाववाला मानूस? मी खाल्ल्या. देवळाच्या मागं बसून, एकट्यानं. पाच व्हत्या."

कालव्यातून एक होडी गेली. इथेच, याच क्षणी, चुकलं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "गार झाल्या असतील."

"व्हत्या गार. पन वेलची झ्याक पडलेली."

त्या दिवसापासून आम्ही बोलू लागलो. नळाबद्दल, चहाबद्दल. खोलीतल्या बॅगा बाजूला सरल्या. पण पालखीचा विषय मी काढला नाही. मी मागितलं असतं तर तो नाही म्हणाला नसता, आणि नेमकं तेच मला सहन होत नव्हतं. मी त्याच्याकडे मागायचं आणि त्याने द्यायचं. पुन्हा पहिला खांदा त्याचाच.

महाड

महाडच्या स्टँडवर उतरल्यावर दत्तूने पुरचुंडी माझ्या हातात दिली. "काकूला दे. मी पऱ्या उतरून गेलो तर वर बोंब व्हईल." आणि पोलादपूरच्या गाडीत चढला.

दोन दिवसांनी मी वाडीवर गेलो. आई ओट्यावर वाल सोलत बसली होती. पुरचुंडी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "तिकडच्या देवाचा प्रसाद. तुझ्यासाठी आणला." आणला कुणी, ते गिळलं. वाक्य तसं खोटं नव्हतं, महाडपासून मीच आणली होती.

आईने पुरचुंडी कपाळाला लावली. मग सुतळीवर बोट फिरवलं.

"ही बेकरीची गाठ," ती म्हणाली. "दत्तू मुंबैवरनं खारी आनायचा तवा अशीच मारायचा. त्यानं दिलान व्हय?"

मी ताटातले चार वाल उचलून सोलू लागलो.

"तू कवा कुनासाठी काय बांधून आनलंस, विसू?" तिने रागाने म्हटलं नाही. पाव कडक झाला होता. तिने तो चहात बुडवून खाल्ला, ठशाचा भाग शेवटी.

त्या रात्रीपासून मी वरच्या वाडीच्या गावकीला माफीचं पत्र लिहायला घेतलं. पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा फाडलं. प्रत्येक मसुद्यात चौथ्या ओळीपर्यंत मी त्यांचीही चूक दाखवू लागायचो. अक्षर मात्र प्रत्येक वेळी सुरेख यायचं.

वाडी

मार्चमध्ये, चवदार तळ्याची गर्दी ओसरली, त्या सुमारास धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, शिमग्याला ये. पालखी खाली येतेय म्हणतात. जुनी."

मी गेलो. विश्वास नव्हता. दुपारी पऱ्याच्या पलीकडे ढोल वाजले. आई कधीच सूप घेऊन दारात उभी होती. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. पालखी पाण्यातून आली. पहिल्या खांद्याला दत्तू, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. वरच्या वाडीची माणसं आमच्या अंगणात आली आणि खालच्या वाडीची माणसं आपोआप भिंतीला लागून उभी राहिली. कुणाला कुठे बघावं कळत नव्हतं. पालखी दारात टेकली. आईने ओटी भरली. निम्मे तांदूळ बाहेर सांडले. जुन्या मुखवट्याकडे ती बघत राहिली, आणि मग तिने बोटाने त्याच्या गालावरचा गुलाल जरासा पुसला, शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड पुसावं तसा.

मग वरच्या वाडीचे एक म्हातारे, गावकीचे प्रमुख, माझ्याजवळ आले. चौदा वर्षांपूर्वी माझा कागद देवळाबाहेर वाचून दाखवला होता तो यांनीच.

"मास्तर," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "दत्तारामानं गावकीत सांगितलान. तू परदेशात त्याची माफी मागितलीस. त्याचं पाय धरलंस, रडलंस. शिकला-सवरलेला मानूस येवढा वाकतो, मग आमी काय दगड हाव? तुझं मन मोठं, मास्तर."

भिंतीला लागलेली माणसं माझ्याकडे बघत होती, कौतुकाने. माझा भाऊ बघत होता. आई बघत होती. मी दत्तूकडे पाहिलं. तो पालखीच्या दांड्याला बांधलेली फुलं नीट करत होता, जणू त्याने काही ऐकलंच नाही.

आयुष्यभर मी या माणसाचा हेवा केला. त्याच्या खांद्याचा, त्याच्या हातांचा, त्याच्या एका वाक्यात माणसं जिंकण्याचा. पण त्या अंगणात उभं राहून त्याच्या खोटं बोलण्याचा जो हेवा वाटला, तसा कधी कशाचा वाटला नव्हता. असं खोटं मला सात जन्मांत सुचलं नसतं.

मी दांड्याजवळ गेलो. "दत्तू," मी हळूच म्हटलं, "मी कुठे रे माफी मागितली?"

त्याने मान वर केली नाही. "मंग आता माग," तो म्हणाला. "पालखी उठायच्या आत."

मी मागितली.